हवेत कसलेला बोल्ट

मी सातवीपर्यंत शिकलो आहे. एवढा मोठा मजकूर पहिल्यांदाच लिहितो आहे, त्यामुळे चुका असतील. या अंकाचे संपादक म्हणाले, तुम्ही जुन्या गाड्या रोडला कशा चिकटवता तेवढं लिहा, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ मी त्यांच्यावर सोडलं आहे. बाकीची चूक माझी मलाच लिहायची आहे. एका बाईंना त्यांच्या हाताबद्दल मी खोटं सांगितलं होतं. ते त्यांनी सात वर्षं खरं मानलं. ते खोडून काढायला हे लिहायला बसलो आहे, आणि गाड्यांचं जे काही येईल ते त्या ओघात येईल.

मी मूळचा जत तालुक्यातला, सांगली जिल्हा. शहापूर भंडारा जिल्ह्यात. म्हणजे महाराष्ट्राच्या या टोकाचा माणूस त्या टोकाला. बेदाण्याच्या ट्रकवर क्लीनर होतो. शहापूरच्या अलीकडे हायवेवर आमचा मेन पाटा तुटला आणि ट्रक नामदेव मिस्त्रींच्या दुकानासमोर उभा राहिला. दोन दिवस नुसतं बसून काय करायचं म्हणून मी हातोडा धरला. तिसऱ्या दिवशी ट्रक निघाला तेव्हा मिस्त्री ड्रायव्हरला म्हणाले, "याले इथंच राहू द्या. याच्या हातात पाटा बोलते." मग माझ्याकडे वळून, "राहतं का रे? जेवण घरचं, झोपाले दुकान."

मी राहिलो. माझ्या हाताबद्दल कोणी चांगलं बोललं, असं ते पहिलं वाक्य. शाळेत हात फक्त छडीसाठी पुढे करायचा असतो एवढंच मला माहीत होतं. मिस्त्रीकाकांनी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, काकूंनी ताटात दुसऱ्यांदा भात वाढताना कधी हात आखडला नाही. आज शहापुरात माझं घर आहे, मुलं इथली भाषा बोलतात, पण अजूनही मला मनातून असं वाटतं की काम बिघडलं तर हे लोक म्हणतील, बाहेरचा होता, चाललं तेवढं चाललं. ही भीती मी कोणाला बोलून दाखवली नाही. पुढचं सगळं त्या भीतीतून झालं आहे. ते कारण म्हणून सांगतो, माफीसाठी नाही.

आमचं काम पाटे बांधायचं. ट्रकच्या चाकावर लोखंडी पट्ट्यांची चळत असते, मोठी खाली लहान वर अशी किंवा उलट, बाक दिलेली. एकेक पट्टी म्हणजे पाटा आणि सगळी चळत म्हणजे कमान. गाडीचा सगळा भार तिच्यावर. कमानीच्या टोकाला डोळा असतो, त्यात बुश, बुशात पिन. ट्रकमध्ये हा बुश पितळी जातीचा, त्यात ग्रीस भरलेलं, पिन आत मोकळी फिरते. म्हणून आमची पद्धत अशी, गाडी जॅकवर उचलायची, खाली घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू, लावायच्या, चाकं हवेत लोंबकळत ठेवायची आणि सगळे बोल्ट तिथंच गच्च कसून टाकायचे. आरामात बसून पाना फिरवता येतो. मग गाडी खाली सोडायची. हजारो कमानी आम्ही अशाच बांधल्या आहेत आणि एकीचंही काही बिघडलं नाही. हे लक्षात ठेवा.

दुसरी एक गोष्ट काकांनी शिकवली. पवनीकडचा एक ड्रायव्हर धानाचा ट्रक घेऊन आला. म्हणाला, गाडी डाव्या अंगाला चालते, तोंड एकीकडे आणि बूड एकीकडे. आम्ही दोघं-तिघं कामगार हसलो. एकानं विचारलं, "सकाळी कितीक घेतली होती, भाऊ?" ड्रायव्हर बिचारा ओशाळला. काकांनी आम्हाला गप्प केलं, स्वतः ट्रकखाली झोपले आणि थोड्या वेळानं खालूनच हाक मारली, "इकडं या रे, हसणारे." कमानीच्या मधला सेंटर बोल्ट तुटला होता. मागचं सगळं हाउसिंग, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, एका बाजूला बोटभर मागे सरकलं होतं. वरून काही दिसत नव्हतं. काका बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "ड्रायव्हरचं बूड खोटं नाई बोलत. त्याच्या बुडाले जे समजते ते तुमच्या डोळ्याले नाई दिसत. पहिले त्याचं ऐकाचं, मंग खाली झोपाचं."

पुढं कितीतरी वेळा मी हे इतरांना ऐकवलं. अगदी काकांच्या आवाजात ऐकवायचो.

आता ती गाडी.

आंधळगावच्या सुशीलाबाई हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. लग्न केलेलं नाही. घरी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचा पिढीजात धंदा, तो थोरले भाऊ बघतात. त्यांना गाव दादासाहेब म्हणतं. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी तुमसरकडच्या खाणीवरचा एक इंग्रज साहेब विलायतेला परत जाताना त्याची गाडी विकत घेतली होती. दोन माणसांची, छप्पर नसलेली, बुटकी, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. वडिलांनी मॅडमना त्याच गाडीवर चालवायला शिकवलं होतं. वडील गेल्यावर गाडी घरामागच्या, हातमागांच्या शेडमध्ये जुन्या चादरींखाली उभी राहिली ती पार मॅडम निवृत्त होईपर्यंत.

इंजिनाचं काम भंडाऱ्यात झालं. गाडी पळायला लागली, पण सरळ जाईना. वळणावर डुलायची, खड्डा लागला की बाजूच्या पट्टीत उडी मारायची. भंडाऱ्याचा मेकॅनिक म्हणाला, चाकाखालचं काम शहापूरला न्या. ट्रकवर चढवून ती आमच्याकडे आली. सोबत दोघं बहीणभाऊ.

काकांची नजर तोवर गेली होती आणि लोक मलाच मिस्त्री म्हणायचे. दादासाहेबांनी आल्या आल्या मला सांगितलं, "मिस्त्री, हे माझ्या बहिणीचं खूळ आहे. नागपूरचा एक जण घ्याले तयार आहे, पण हे ऐकत नाई. मी म्हटलं, ठीक आहे, सहा महिने चालवून दाखव. कुठं ठोकली नाई तर गाडी तुही. ठोकली तर नागपूरले."

मॅडम हसल्या. "बाबांनी मले शिकवलं, दादाले नाई शिकवलं. त्याचा राग आहे तो."

"बाबा सगळ्यांचेच लाड करत नव्हते," दादासाहेब म्हणाले.

मग मॅडमनी पिशवीतून एक जाड जुनं पुस्तक काढलं. गाडीसोबत आलेलं, इंग्रजी. चित्रं, आकडे, बारीक अक्षरं, जागोजाग त्यांच्या वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणा. "यात सगळं दिलं आहे, कोणता बोल्ट कसा, काय. वाचता येते ना तुमाले?"

मी म्हणालो, "येतं की."

या सगळ्या गोष्टीत पहिलं खोटं हे. मला गाड्यांची नावं वाचता येतात, पाट्या वाचता येतात, बस. पण दादासाहेब उभे होते, दुकानात चार माणसं होती, आणि विचारणारी शाळेतली बाई होती. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला शाळेतल्या बाईसमोर नाही म्हणणं किती जड जातं ते ज्यानं शाळा सोडली त्यालाच कळेल. त्यांनी आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं होतं, हे मला मागून समजलं. मी नुसतं नाही म्हटलं असतं तर खुर्ची ओढून बसल्या असत्या आणि तासाभरात सगळं वाचून दाखवलं असतं.

पण काम मी जीव लावून केलं, हेही लिहितो. गाडी पळणं इंजिनाचं काम. गाडी ऐकणं आमचं काम. रस्त्याला गाडी फक्त चार ठिकाणी टेकते, एकेका ठिकाणी तळहाताएवढी. ते चार तळहात रस्त्यावर नीट टेकलेले राहिले आणि ज्या दिशेला पाहिजे त्याच दिशेला राहिले, की झालं. त्यासाठीच सगळी खटपट. पुढच्या चाकांचे रबरी बुश दगड झाले होते, ते नागपूरहून नवे पाडून आणले. या गाडीचे शॉकअप आपल्या गाड्यांसारखे नळीचे नव्हते, पितळी दांड्याचे, पोटात तेल असलेले. ते उघडून धुतले, तेलाचा जाडपणा तीनदा बदलून पाहिला. मागच्या दोन्ही कमानी सपाट झाल्या होत्या. त्यांचे पाटे सुटे केले आणि थंड लोखंडावरच हातोड्यानं पुन्हा बाक दिला, दोन्ही कमानी एकमेकींवर ठेवल्या तर मधून कागद जाऊ नये इतक्या सारख्या. हे काम शहापुरात माझ्याशिवाय कोणी केलं नसतं. मला तसं लिहायला लाज वाटत नाही.

चाकांची दिशा बघायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. पूर्वी आम्ही सुतळी ताणून बघायचो. मॅडमनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "सुतळी जाडी आहे हो. थांबा." दुसऱ्या दिवशी घरून कोशाचा पिळलेला दोरा घेऊन आल्या. केसासारखा बारीक आणि ताणला तरी तुटत नाही. गाडीच्या दोन्ही अंगांना तो ताणून त्यापासून चाकाच्या कडेपर्यंत पट्टीनं मोजायचं, पुढून आणि मागून. दोरा मॅडम धरायच्या, आकडा मी सांगायचो, त्या वहीत लिहायच्या. चार दिवस आम्ही असं काम केलं. काका तेव्हा खाटेवर बसूनच असायचे, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, पण कान तिकडेच. एकदा म्हणाले, "मॅडम, तुमी शाळेत काहून गेल्या? दुकानात याले पायजे होतं."

शेवटी मागच्या कमानी चढवल्या. त्यांच्या डोळ्यात पितळी बुश नव्हता, रबर होतं. मी गाडी घोड्यांवर घेतली, चाकं हवेत लोंबकळत ठेवली आणि आमच्या पद्धतीनं बोल्ट गच्च कसले.

आता जे वाचणारे गाड्यांतले नाहीत त्यांच्यासाठी. रबराचा बुश पितळेसारखा फिरत नाही. बोल्ट कसला की तो आतून पकडला जातो, आणि कमान वरखाली झाली की रबर जागच्या जागी पिळतं आणि परत सुटतं. म्हणून तो बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून, तिचा भार तिच्या चाकांवर असताना कसायचा असतो. हवेत कसला तर गाडी खाली टेकली तेव्हाच रबर अर्धं पिळलेलं राहतं. मग चालताना आणखी पिळतं. आणि काही महिन्यांत फाटतं. फाटलं की मागचं हाउसिंग त्या बाजूला पुढं-मागं सरकायला लागतं. तुम्ही पुढून एक वळण घेता, गाडी मागून आपलं वेगळंच घेते.

ते पुस्तकात लिहिलेलं होतं.

गाडी खाली सोडली तेव्हा मागून बोटभर उंच दिसत होती. काकांनी हातानं मागच्या चाकावरचा पत्रा चाचपला. "उंच काहून लागून राहिली?"

"नवा बाक आहे काका. बसेल."

"बसल तं बसल," ते म्हणाले, पण हात काही लगेच काढला नाही.

मॅडम गाडी घेऊन हायवेला गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. "मिस्त्री, मनात आलं का वळते. बाबा असते तं…" दादासाहेबही म्हणाले, काम चांगलं झालं. त्या दिवशी मी खुशीत जतला आईला फोन केला होता.

चार महिन्यांनी मॅडमचा फोन. "मिस्त्री, वळणावर मागचा भाग आपल्या मनानं जाते. डाव्या वळणावर जास्त."

दुकानात तीन ट्रक उभे होते. मी म्हणालो, "मॅडम, हलकी गाडी आहे. तुम्ही स्टिअरिंग घट्ट धरत असाल. हात सैल ठेवा."

आठवड्यानं परत फोन. "हात सैल ठेवून पाहिला. नाई हो, काहीतरी सरकते."

मी म्हणालो, घेऊन या. दोघं बहीणभाऊ घेऊन आले. मी एकटा बसलो आणि गाडी हायवेवर नेली. सरळ रस्ता, चार पदरी, वळण कुठलं? गाडी सरळ गेली, सरळ आली. उतरलो. त्या वेळी खाली झोपायला दोन मिनिटं लागली असती. अंगात स्वच्छ शर्ट होता, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. खरं असं की पवनीच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं अगदी तेच ही बाई सांगत होती, तोंड एकीकडे आणि बूड एकीकडे, आणि माझ्या पोटात कुठंतरी ते ओळखू आलं होतं. ती बरोबर असेल तर मी चुकीचा ठरणार. दादासाहेबांसमोर, सगळ्या दुकानासमोर. मी खाली झोपलो नाही.

"गाडीत काही नाही," मी म्हणालो. "हात बसायला वेळ लागतो. बाईमाणसाचा हात जरा घाबरा असतो."

दादासाहेब मोठ्यानं हसले. "ऐकलं का सुशी? आता तं मिस्त्रीच सांगून राहिला. मी सांगतो तं भांडतेस."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. विद्यार्थ्याचं उत्तर चूक वाटतंय पण पुस्तक जवळ नाही, तसं. मग म्हणाल्या, "बरं. ठेवते सैल." आणि स्टिअरिंगवर बसल्या.

पोळा झाल्यावर, बांध्यांत धान उभं होतं तेव्हा, आंधळगावच्या बाहेर बोडीजवळच्या डाव्या वळणावर गाडी रस्ता सोडून उतरली. एका अंगाला बोडी, म्हणजे इकडचं लहान तळं, काठोकाठ भरलेलं, आणि एका अंगाला धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर. गाडी बांधीत गेली. चिखल होता म्हणून उलटली नाही. मॅडमचं उजवं मनगट मोडलं. सहा महिने भरायला पंधरा दिवस राहिले होते.

ट्रॅक्टरनं ओढून, ट्रकवर घालून गाडी माझ्याकडेच आली. सगळे गेल्यावर मी तिच्याखाली झोपलो. उजव्या कमानीच्या पुढच्या डोळ्यातलं रबर पिळून पिळून फाटलं होतं, धुतलेलं कापड पिळल्यावर दिसतं तसं. हाउसिंग घासून लोखंडावर चकचकीत वाट पडली होती. म्हणजे एक-दोन दिवसांचं काम नव्हतं. मॅडमनी फोन केला तेव्हापासूनचं होतं.

रबराचा तुकडा मी काकांच्या हातात दिला. त्यांनी बोटांत फिरवला. मग म्हणाले, "हे फाटलं नाई, पिळलं हाये. हवेत कसलं होतं का तू?"

"हो काका."

"मले तवाच वाटलं. उंच लागून राहिली होती." मग तुकडा मला परत दिला. "सांगशील ना त्या बाईले?"

"सांगतो."

"बेज्जतीले भेवू नको. बेज्जती चार दिवस राहते."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातच राहिलेल्या त्या पुस्तकाच्या पानांचे मोबाईलनं फोटो काढले. आता फोनवर इंग्रजीचं मराठी होतं. वेडंवाकडं होतं, पण होतं. मागच्या कमानीचं पान काढलं. तिथं स्पष्ट होतं की गाडीचं वजन चाकांवर येईपर्यंत बोल्ट कसू नये. त्या ओळीखाली मॅडमच्या वडिलांनी पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या होत्या.

मी नवीन रबर घातलं. गाडी खाली सोडली, दोन माणसं आत बसवली, आणि खाली सरपटत जाऊन बोल्ट कसला. मग तोच कोशाचा दोरा ताणून सगळं परत मोजलं. ती गाडी त्या दिवशी जशी चालली तशी मी आजपर्यंत कुठलीही गाडी चालवलेली नाही. बोटांनी वळायची. मला रडू येत होतं आणि गाडी इतकी सुरेख चालत होती.

आंधळगावला गाडी पोचवायला गेलो तो सांगायचं ठरवूनच गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. मॅडम ओसरीत, हात प्लास्टरमध्ये. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "मिस्त्री, तुमाले उगाच त्रास. तुमी सांगितलं होतं, हात सैल ठेवा. माझंच चुकलं." दादासाहेब फोनवर नागपूरवाल्याशी बोलत होते. शब्दाचे पक्के. गाडी नागपूरला चालली होती.

मॅडमनी आतून एक लुगडं आणवलं. कोशाचं, त्यांच्याच मागावरचं. "तुमच्या आईसाठी. इतक्या दूर राहून काम करता, इतकं चांगलं काम केलं." मी दोन्ही हात पुढे करून ते घेतलं. पाठ केलेलं वाक्य न बोलताच निघालो. आईला पाठवलं तर तिचा फोन, "कुणी दिलं रं एवढं भारी?" मी म्हणालो, एका मास्तरीणबाईनं. "तिचं लेकरू म्हन की तू," आई म्हणाली, "तिला म्हणावं, माझा नमस्कार." तिनं ते अजून नेसलेलं नाही, देवाजवळ घडी घालून ठेवलंय.

काका त्या हिवाळ्यात गेले. मी सांगितलं आहे असं समजून गेले. विचारलं होतं त्यांनी, "सांगितलं ना?" मी हो म्हणालो.

नागपूरवाल्यानं गाडी घेतली आणि लोकांना चालवायला देऊ लागला. काय रोडला चिकटते म्हणायचा, शहापूरच्या मिस्त्रीचा हात आहे. मग नागपूरहून, रायपूरहून जुन्या गाड्या यायला लागल्या. आज माझ्या दुकानावर जुन्या विलायती गाड्यांचं नाव लिहिलेली पाटी आहे. संपादकांनी मला हे लिहायला सांगितलं तेही ती गाडी पाहून. माझं सगळं नाव त्या गाडीवर उभं आहे, आणि ती गाडी ज्यांची होती त्यांच्या हातून माझ्यामुळे गेली.

लिहायच्या आधी मॅडमची परवानगी घ्यावी म्हणून आंधळगावला गेलो. दादासाहेब बाहेर गेले होते. मॅडम पेपर वाचत होत्या, केस पूर्ण पांढरे. त्यांनी चहा ठेवायला सांगितला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, पुस्तकापासून.

त्या ओरडल्या नाहीत. कपाटातून जुनी वही काढली, मागचं कोरं पान उघडलं, पेन्सिल दिली. "काढून दाखवा. कोणता बोल्ट. हवेत म्हणजे कसं." मी कमान काढली, डोळा काढला, रबर काढलं. त्यांनी दोन ठिकाणी परत विचारलं. वहीची पुढची पानं वाऱ्यानं उलटली तेव्हा दिसलं, ते आमचे आकडे होते. डावं चाक पुढून, डावं चाक मागून.

"म्हणजे मी फोन केला तेव्हा गाडी खरंच सरकून राहिली होती."

"हो."

"तुमाले तेव्हा मालूम होतं?"

"मालूम नव्हतं. बघितलं असतं तर झालं असतं. म्हणून बघितलं नाही."

त्यांनी पेन्सिल वहीत ठेवली. मी खाली वाकायला गेलो तर म्हणाल्या, "पाया नका पडू. मले त्याचं काय करायचं आहे?" चहा आला, त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. मग त्या बोलल्या, "तुमाले माहीत आहे का मिस्त्री, या घरात कप फुटला तरी दादा म्हणते, हात सैल ठेव. भाजी करपली, हात सैल ठेव. पोरंसोरं म्हणतात. पाहुणे आले का त्यांना गोष्ट सांगते तो, आणि मी पण हसते. सात वर्षं हसून राहिली. रस्त्यानं ऑटोत बसली तरी मी दांडा घट्ट नाई धरत."

मी म्हणालो, "दादासाहेबांना आत्ता येऊ दे, त्यांच्यासमोर सांगतो."

"तुमी सांगाल तं तो म्हणेल, मिस्त्रीले माझी दया आली. तो बोललेलं मानत नाई, छापलेलं मानते. हा अंक घेते तो, पानन् पान वाचते. तुमी लिहून राहिले ना? मग लिहा. तुमचं नाव घालून."

"आणि गाडीचं?"

"गाडीचं चांगलं लिहा. चांगली होती ती."

फाटकापर्यंत सोडायला आल्या. मी विचारलं, नागपूरवाल्याशी बोलू का, एखादा दिवस गाडी आणतो, तुम्ही चालवा. त्यांनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं, हवा थंड असली की दुखतं म्हणे, आणि मान हलवली. नाही.

तर दादासाहेब, हे तुमच्यासाठी. मी बाळू मिस्त्री, शहापूर. बोल्ट मी हवेत कसला होता. पुस्तक मला वाचता येत नव्हतं. मॅडमनी दोनदा सांगितलं आणि मी खाली झोपून पाहिलं नाही.

आणि एक गोष्ट मॅडमनाही सांगायची राहिली, ती इथंच लिहितो. गाडी बांधीतून काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या वळणावर गेलो होतो. चाकांच्या खुणा तशाच होत्या. मागचं धूड सुटून बोडीकडे निघालं होतं, ते डांबरावर स्पष्ट दिसत होतं. तिथून पुढं दोन्ही पुढच्या चाकांच्या खुणा एकदम उलट्या वळलेल्या होत्या, नेमक्या जितक्या पाहिजे तितक्या, ना कमी ना जास्त. भरलेल्या बोडीपासून तोडून मॅडमनी ती मोडकी गाडी धानाच्या चिखलात नेऊन उभी केली होती. इतकी वर्षं मी गाड्या चालवून बघतो आहे. त्या वळणावर, त्या गाडीत मी असतो तर पाण्यात गेलो असतो. मॅडमचा हात बरोबर होता, दादासाहेब. हे मी तेव्हाच पाहिलं होतं.